दाराबाहेरचा कागद : आंतरराष्ट्रीय परिषदांतील मुद्रित साहित्याची चिकित्सा

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय परिषदांचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने व्यक्तींचा आणि तहांचा इतिहास म्हणून शिकविला जातो. कोणत्या देशाचा प्रतिनिधी काय बोलला, कोणत्या कलमावरून वाद झाला आणि सह्या कोणत्या दिवशी झाल्या, एवढे समजले म्हणजे परिषद समजली अशी एक रूढ धारणा दिसते. वस्तुतः कोणतीही मोठी राजनैतिक परिषद ही जेवढी भाषणांची असते तेवढीच कागदांचीही असते. मसुदे, इतिवृत्ते, निवेदने, पत्रके, पुस्तिका आणि रोजची वार्तापत्रे यांचा एक प्रवाह परिषदेच्या सभागृहात आणि सभागृहाबाहेर सतत वाहत असतो. तह हा त्या प्रवाहातून अखेरीस वर काढलेला एकच कागद होय.

या मुद्रित साहित्याविषयी दोन मते सामान्यतः आढळतात. पहिल्या मतानुसार ही सारी पत्रकबाजी निरर्थक असते. निर्णय सत्तेच्या बळावर होतात आणि पत्रके केराच्या टोपलीत जातात. दुसऱ्या मतानुसार मुद्रणामुळे राजनीती लोकाभिमुख झाली आणि ज्यांना आवाज नव्हता त्यांना आवाज मिळाला. ही दोन्ही मते अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. छापील कागदाने दाराबाहेरच्यांना परिषदेत प्रवेश क्वचितच मिळवून दिला. मात्र त्याने त्यांची नोंद मागे ठेवली आणि बहुतेक वेळा त्याचा खरा वाचक परिषदेबाहेर होता. ही नोंद जपायची की नाही, हा निर्णय मात्र ज्यांना प्रवेश होता त्यांच्याच हाती राहिला.

या प्रतिपादनाची तपासणी करण्यासाठी प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. तो कोणी छापला? कोणत्या भाषेत छापला? तो प्रत्यक्षात कोणाच्या हाती पडला? आणि परिषदेच्या अधिकृत दस्तऐवजात त्याचे काय उरले? या निकषांवर हेग (१९०७), पॅरिस (१९१९) आणि स्टॉकहोम ते रिओ (१९७२ ते १९९२) या तीन टप्प्यांचा विचार पुढे केला आहे.

हेग, १९०७ : वृत्तपत्राच्या पानावरील शिष्टमंडळ

हेग येथील पहिली शांतता परिषद १८९९ मध्ये २६ राष्ट्रांच्या उपस्थितीत झाली. दुसरी परिषद १५ जून ते १८ ऑक्टोबर १९०७ या काळात भरली आणि तिला ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी आले. या दुसऱ्या परिषदेच्या काळात ब्रिटिश पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांनी हेगमध्येच ‘कुरिये द ला कॉन्फरान्स द ला पे’ या नावाचे फ्रेंच दैनिक चालविले. परिषदेतील घडामोडी, प्रतिनिधींचा परिचय आणि शांततावादी विचार असा मजकूर त्यात असे. प्रतिनिधी ते वाचत असत. परिषदेचे अधिकृत इतिवृत्त आणि बाहेरची वृत्तपत्रे यांच्या मधली एक जागा या दैनिकाने निर्माण केली, हे त्याचे महत्त्व.

याच जागेत कोरियाचे प्रकरण घडले. नोव्हेंबर १९०५ च्या करारान्वये कोरियाचे परराष्ट्रव्यवहार जपानने आपल्या हाती घेतले होते. हा करार दडपणाखाली झाला असून तो बेकायदेशीर आहे, हे जगापुढे मांडण्यासाठी सम्राट गोजोंग यांनी यी सांग-सोल, यी जुन आणि यी वि-जोंग या तिघांना हेगला पाठविले. परिषदेचे अध्यक्ष असलेले रशियाचे प्रतिनिधी नेलिदोव यांनी त्यांना दाद दिली नाही. यजमान नेदरलँड्सच्या सरकारनेही दिली नाही. ज्या राष्ट्राचे परराष्ट्रव्यवहारच दुसऱ्याच्या हाती आहेत त्याचे प्रतिनिधी कसे मानायचे, असा हा पेच होता. ज्या अन्यायाविरुद्ध दाद मागायची, तोच अन्याय दाद मागण्याच्या आड आला.

तेव्हा या तिघांनी आपले निवेदन फ्रेंच भाषेत तयार केले आणि स्टेड यांच्या दैनिकाने ते ३० जून १९०७ रोजी छापले. आपले चार प्रश्न येथे लावून पाहू. कागद छापणारा परिषदेचा सदस्य नव्हता, पण परिषदेला परिचित असा प्रतिष्ठित युरोपीय पत्रकार होता. भाषा परिषदेची, म्हणजे फ्रेंच होती. शिष्टमंडळातील यी वि-जोंग यांना ती उत्तम येत होती, म्हणूनच हे शक्य झाले. कागद प्रतिनिधींच्या हाती निश्चितच पडला. परंतु परिषदेच्या निर्णयांत त्याचे काहीही उरले नाही.

उलट त्याचा परिणाम विपरीत झाला. १४ जुलै रोजी यी जुन यांचा हेगमध्येच मृत्यू झाला. शिष्टमंडळ पाठविल्याचे निमित्त करून जपानने जुलै १९०७ मध्येच गोजोंग यांना सिंहासन सोडण्यास भाग पाडले आणि १९१० मध्ये कोरिया आपल्या साम्राज्यास जोडून घेतला. तेव्हा मुद्रित निवेदन हे निरुपद्रवी साधन असते असे मानता येत नाही. ते पाठविणाऱ्याच्या अंगावरही येऊ शकते. प्रवेश असलेल्या राष्ट्राच्या निवेदनास परिषदेचे संरक्षण असते. प्रवेश नसलेल्यांच्या कागदास ते नसते.

तरीही हा कागद वाया गेला असे म्हणता येणार नाही. १९०५ च्या कराराला कोरियाच्या सम्राटाची संमती नव्हती, याची जाहीर नोंद त्याच वेळी आणि परिषदेच्याच गावी झाली. हे तिघे ज्या हॉटेलात उतरले होते, त्याच इमारतीत १९९५ मध्ये यी जुन यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. १९०७ च्या प्रतिनिधींसाठी लिहिलेल्या कागदाला त्याचा वाचक असा पुष्कळ उशिरा आणि आपल्याच लोकांत मिळाला.

पॅरिस, १९१९ : गुप्त मसुदा आणि उघडी पत्रके

हेगनंतर बारा वर्षांनी पॅरिसची शांतता परिषद भरली तेव्हा मुद्रणाचा प्रश्न राजनीतीच्या केंद्रस्थानी आला होता. नोव्हेंबर १९१७ मध्ये रशियातील बोल्शेविक सरकारने झारशाहीच्या काळातील गुप्त करार प्रसिद्ध करून खळबळ उडविली होती. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी ८ जानेवारी १९१८ रोजी जाहीर केलेल्या चौदा मुद्द्यांतील पहिलाच मुद्दा उघड करारांचा होता. साहजिकच नव्या राजनीतीत सर्व काही छापून लोकांसमोर येईल, अशी अपेक्षा निर्माण झाली.

प्रत्यक्षात घडले ते निराळे. व्हर्साय तहाचा ४४० कलमांचा मसुदा वेगवेगळ्या समित्यांनी तुकड्यातुकड्यांनी तयार केला. तो एकसंध स्वरूपात छापून होईपर्यंत फारच थोड्या प्रतिनिधींना त्याचे समग्र रूप ठाऊक होते. ६ मे १९१९ च्या सभेत लहान राष्ट्रांच्या प्रतिनिधींना तहाचा केवळ सारांश वाचून दाखविण्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी छापील तह जर्मन शिष्टमंडळाच्या हाती देण्यात आला. पुढे काही आठवडे तहाचा संपूर्ण मजकूर दोस्त राष्ट्रांतील जनतेपासून दूर ठेवला गेला. अखेर एका अमेरिकन वृत्तपत्राच्या बातमीदाराने आणलेली प्रत सिनेटर बोरा यांनी ९ जून रोजी अमेरिकी सिनेटच्या कामकाजात समाविष्ट करविली आणि तो मजकूर छापला गेला. तह काय आहे हे परिषदेने सांगण्याआधी चोरवाटेने आलेल्या प्रतीने सांगितले.

म्हणजे आतला कागद गुप्त होता. त्याच वेळी बाहेरचा कागद मात्र मोठ्या संख्येने उघडपणे वाटला जात होता. इजिप्त, कोरिया, आयर्लंड, व्हिएतनाम, भारत अशा अनेक पराधीन देशांच्या कार्यकर्त्यांनी निवेदने आणि पुस्तिका यांच्याद्वारे परिषदेचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला.

या संदर्भात भारताचे उदाहरण विशेष बोलके आहे, कारण भारत परिषदेच्या आतही होता आणि बाहेरही. आतल्या भारताचे प्रतिनिधित्व भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा यांनी केले. २८ जूनच्या तहावर भारताच्या वतीने पहिल्या दोघांच्या सह्या आहेत. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली येथील काँग्रेस अधिवेशनाने परिषदेसाठी आपले प्रतिनिधी म्हणून लोकमान्य टिळक, महात्मा गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचविली होती. चिरोल खटल्याच्या निमित्ताने टिळक त्या वेळी लंडनमध्येच होते. त्यांना पॅरिसला जाऊ देण्यात आले नाही. तेव्हा ११ मार्च १९१९ रोजी त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून भारताच्या स्वयंनिर्णयाची मागणी केली आणि विशाल, साधनसंपन्न व कोणाच्याही भूमीवर डोळा नसलेला भारत आशियाच्या शांततेला आधार ठरेल, असा युक्तिवाद मांडला. याच सुमारास होमरूल लीगच्या लंडनमधील प्रचारात पत्रके आणि पुस्तिका यांचा नेटाने वापर होत होता.

येथे टिळकांची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. मराठीतील ‘केसरी’ हे त्यांचे प्रमुख आयुध. आपल्या वाचकाशी थेट बोलणारी, लोकांच्या तोंडी असलेली भाषा हे त्या लेखनाचे सामर्थ्य. क्लेमांसो यांना लिहिताना मात्र त्यांना परिषदेच्या दोन भाषांपैकी एक, म्हणजे इंग्रजी, आणि परिषदेची परिभाषा, म्हणजे विल्सनप्रणीत स्वयंनिर्णयाची परिभाषा, स्वीकारावी लागली. आपली मागणी मांडण्यासाठी दुसऱ्याचे शब्द घ्यावे लागणे, ही दाराबाहेरच्या कागदाची पहिली किंमत असते. त्या शब्दांना त्यांच्या मूळ वक्त्यांनी धरून राहावे असा आग्रह मात्र या कागदाला पुढे धरता आला आणि पराधीन देशांनी तो धरला, हेही नमूद केले पाहिजे.

व्हिएतनामचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. जून १९१९ मध्ये ‘अनामी जनतेच्या मागण्या’ या शीर्षकाचे आठ कलमांचे पत्रक पॅरिसमध्ये प्रसृत झाले. त्यावर न्गुयेन आय क्वोक अशी सही होती. हेच नाव धारण करणारे गृहस्थ पुढे हो चि मिन्ह म्हणून ओळखले गेले. राजकीय कैद्यांना माफी, समान न्याय, मुद्रणस्वातंत्र्य, संघटनस्वातंत्र्य अशा त्यातील मागण्या मवाळ होत्या. स्वातंत्र्याची मागणी त्यात नव्हती. ‘ल्युमानिते’ या समाजवादी दैनिकाने त्या प्रसिद्ध केल्या. विल्सन यांच्या सहकाऱ्यांकडून पोच आली, पण परिषदेत चर्चा झाली नाही. पत्रकाचे सर्वांत दक्ष वाचक ठरले ते फ्रेंच पोलीस; त्यांनी या अपरिचित सहीमागील माणसाचा शोध सुरू केला. परंतु या मागण्या फ्रेंचबरोबरच व्हिएतनामी भाषेत, पद्यरूपातही तयार करण्यात आल्या होत्या. फ्रेंच मजकूर परिषदेसाठी आणि व्हिएतनामी मजकूर फ्रान्समधील स्वदेशीय कामगार व सैनिक यांच्यासाठी, अशी ही दुहेरी रचना होती. परिषद ऐकणार नाही हे गृहीत धरूनच जणू दुसरा वाचक आधी निवडला गेला होता. टिळकांच्या पत्राची आणि या पत्रकाची परिषदेतील गती सारखीच झाली; पण कागदाचे यश परिषदेच्या प्रतिसादावरून मोजू नये, हे या दुसऱ्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते.

पॅरिस परिषदेनंतर मुद्रणाला कायद्याचे स्थान मिळाले, पण ते एकाच बाजूस. राष्ट्रसंघाच्या सनदेतील १८ व्या कलमाने प्रत्येक नव्या तहाची नोंदणी आणि प्रसिद्धी बंधनकारक केली. त्यातून राष्ट्रसंघाची २०५ खंडांची तहमालिका उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील १०२ व्या कलमाने हीच परंपरा पुढे नेली. राष्ट्रांनी केलेला करार छापला गेला पाहिजे, हे तत्त्व निःसंशय प्रगतीचे होते. याउलट संरक्षित प्रदेशांतील रहिवाशांनी राष्ट्रसंघाकडे करावयाची निवेदने तेथे राज्य करणाऱ्या सत्तेमार्फतच पाठविली पाहिजेत, असा नियम होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातून ती पुढे जायची. राज्यांच्या कागदाला प्रसिद्धीची हमी मिळाली आणि लोकांच्या कागदाला मध्यस्थ मिळाला.

स्टॉकहोम ते रिओ : वार्तापत्र, पुस्तिका आणि तटस्थता

दुसऱ्या महायुद्धानंतर बिगरसरकारी संस्थांना परिषदांच्या परिसरात वावरण्याची मुभा हळूहळू मिळाली आणि दाराबाहेरचा कागद दाराच्या उंबरठ्यापर्यंत आला. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली. ११३ राष्ट्रे उपस्थित होती. या परिषदेच्या काळात ‘द इकॉलॉजिस्ट’ हे नियतकालिक आणि ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ ही संस्था यांनी मिळून ‘इको’ नावाचे दैनिक वार्तापत्र चालविले. ते प्रतिनिधींच्या हाती पडत असे आणि सरकारांवर उघड टीका करीत असे. स्टेड यांच्या दैनिकाचीच ही पुढची पिढी म्हणता येईल. पुढे हवामानविषयक वाटाघाटींतही याच नावाचे वार्तापत्र निघत राहिले.

परंतु ‘इको’चा दृष्टिकोन मुख्यतः पाश्चात्त्य पर्यावरणवादाचा होता. गरीब देशांची बाजू निराळ्या मार्गाने आली. स्वित्झर्लंडमधील फुने येथे जून १९७१ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीच्या अहवालाने विकास आणि पर्यावरण यांचा संबंध आधीच मांडून ठेवला होता आणि १४ जून १९७२ च्या भाषणात इंदिरा गांधी यांनी दारिद्र्याचा प्रश्न पर्यावरणाच्या प्रश्नापासून तोडता येत नाही, हे ठामपणे सांगितले. उंबरठ्यावरील कागद हा नेहमीच दुर्बलांचा असतो, असे त्यामुळे समजता येत नाही. तेथेही छपाईचा खर्च, भाषा आणि माणूसबळ ज्याच्याकडे, त्याचा कागद आधी पोहोचतो.

या विषमतेला छेद देणारे एक उदाहरण भारतातून आले. वॉशिंग्टन येथील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची जी मांडणी १९९० मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात भारत, चीन आणि ब्राझील हे देश पहिल्या पाचांत दिसत होते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये ‘ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनईक्वल वर्ल्ड’ ही लहानशी पुस्तिका काढून त्या हिशेबालाच आव्हान दिले. भातशेतीतून व जनावरांतून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर एकाच तराजूत तोलता येणार नाही. समुद्र आणि वने जेवढा कार्बन शोषून घेतात त्या क्षमतेवर पृथ्वीवरील प्रत्येक माणसाचा समान हक्क आहे, हा तिचा युक्तिवाद होता.

या पुस्तिकेला चार प्रश्न विचारल्यास उत्तरे आधीच्या उदाहरणांहून वेगळी मिळतात. भाषा परिषदेचीच, इंग्रजी होती. पण परिभाषा उसनी नव्हती. तिने प्रतिपक्षाचे शब्द न घेता त्याच्या आकड्यांची मांडणी बदलली. मुख्य म्हणजे ती नेमक्या वेळी आली. हवामान कराराच्या वाटाघाटी फेब्रुवारी १९९१ मध्येच सुरू होत होत्या. दरडोई उत्सर्जनाचा आग्रह हा भारताच्या भूमिकेचा कणा बनला आणि १९९२ च्या हवामानविषयक कराराच्या प्रास्ताविकात विकसनशील देशांचे दरडोई उत्सर्जन तुलनेने कमी असल्याचा स्पष्ट उल्लेख आला. हे सारे श्रेय एका पुस्तिकेला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण अनेक विकसनशील देशांची सरकारे याच दिशेने बोलत होती. मात्र कागद आत जातो तेव्हा कसा जातो, हे येथे दिसते. आत बसलेल्या एखाद्या राष्ट्राला तो आपला वाटावा लागतो. १९०७ च्या कोरियाला आणि १९१९ च्या टिळकांना असे राष्ट्र मिळाले नव्हते.

याच वाटाघाटींच्या काळात आणखी एक प्रकार जन्मास आला. रिओ येथील जून १९९२ च्या वसुंधरा परिषदेच्या पूर्वतयारीत, मार्च १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथे काही तरुण कार्यकर्त्यांनी रोजच्या वाटाघाटींचा गोषवारा देणारे वार्तापत्र सुरू केले. कॅनडातील इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थेच्या आधाराने ते पुढे ‘अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन’ म्हणून प्रसिद्ध झाले. ‘इको’ बाजू घेते. हे वार्तापत्र तटस्थता पाळते. दोनतीन माणसांचे शिष्टमंडळ पाठवू शकणाऱ्या देशाला एकाच वेळी चाललेल्या सर्व बैठकांना हजर राहणे अशक्य असते. अशा देशाला काल दुसऱ्या दालनात काय झाले हे सकाळी हाती आलेल्या दोन पानांतून कळू लागले, ही या वार्तापत्राची मोठी सेवा आहे.

तथापि तटस्थतेचीही चिकित्सा झाली पाहिजे. जे बोलले जाते तेच गोषवाऱ्यात येते. ज्याला बोलण्याची संधी मिळाली नाही तो त्यात दिसत नाही. शिवाय अशा उपक्रमांचा खर्च मुख्यतः सरकारांच्या अनुदानांतून चालतो. यामुळे ते अविश्वसनीय ठरत नाहीत, पण त्यांची चौकट परिषदेची चौकट असते, हे अभ्यासकाने विसरू नये. हेगमधील दैनिक जर तटस्थ गोषवारा असते, तर कोरियाचे निवेदन त्यात छापले गेले असते काय? तटस्थ वार्तापत्र आणि पक्षपाती वार्तापत्र ही परस्परांची उणीव भरून काढतात. एकाने दुसऱ्याची जागा घेणे हितावह नाही.

कागदविरहित परिषद आणि जतनाचा प्रश्न

रिओ येथीलच २०१२ च्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी कागदाचा वापर घटविणारी पद्धत अवलंबिली. दस्तऐवज पडद्यावर उपलब्ध आणि मागणी केली तरच छपाई. पर्यावरणाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे आणि जुन्या कागदाचा मोह धरण्याचे कारण नाही. संगणकावरील निवेदन कमी खर्चात अधिक दूर जाते, हेही खरे. प्रश्न आहे तो जतनाचा. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत दस्तऐवजांसाठी जगभर ठेव-ग्रंथालयांची व्यवस्था १९४० च्या दशकापासून आहे. सभागृहाच्या मागील टेबलावर ठेवलेल्या पत्रकांसाठी अशी व्यवस्था कधीच नव्हती. १९१९ ची पत्रके आज वाचता येतात, याचे श्रेय बरेचसे योगायोगाला आणि पोलिसांच्या दप्तरांनाही द्यावे लागते. कागद निदान कोणाच्या तरी फायलीत पडून राहत असे; संकेतस्थळ बंद पडले की मागे काहीच उरत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मुद्रित साहित्य परिषदेतील सत्तेचा समतोल स्वतःच्या बळावर बदलत नाही. आतील एखाद्या राष्ट्राने ते आपले मानले तरच ते अधिकृत मजकुरात शिरते. परिषदेची भाषा स्वीकारल्याशिवाय कागद वाचला जात नाही, आणि ती स्वीकारली की मूळ मागणीचा काही भाग मागे राहतो. आणि ज्यांना प्रवेश नाकारला गेला त्यांच्यासाठी छापील कागद हा पुढील काळाकडे केलेला अर्ज असतो.

हा अर्ज वाचण्याची जबाबदारी आता अध्यापक आणि अभ्यासक यांच्यावर येते. आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत तहांचे संग्रह सापडतात, त्यांवरील ग्रंथही सापडतात. निवेदने आणि पुस्तिका क्वचितच सापडतात. व्हर्साय तह शिकविताना त्यावरील भारताच्या दोन सह्या आणि टिळकांचे पत्र हे दोन्ही कागद विद्यार्थ्यांसमोर एकत्र ठेवले, तर भारताचे प्रतिनिधित्व कोणी केले हा प्रश्न त्यांना स्वतःहून पडेल. तो पडला म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र आणि वृत्तपत्रविद्या या तिन्ही विषयांना समान असे एक अभ्यासक्षेत्र खुले होईल. ज्या कागदावर सही झाली तो जपण्यास राज्ये समर्थ आहेत. ज्यावर सही होऊ शकली नाही, तो जपण्याचे काम विद्येच्या क्षेत्रालाच करावे लागेल.